बंदूककाकू आणि लेल्यांची रायफल

बंदूककाकूंच्या हातात कुठलीही वस्तू दिली की त्या ती आधी उलटी करायच्या. हळदीकुंकवाला मिळालेली वाटी असो, कुणाकडचा नवाकोरा मिक्सर असो, नाहीतर मंडळाच्या गणपतीपुढचं तबक असो. बुडाशी काय छापलंय ते वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा एका बारशाला त्या चक्क गुडघे टेकून पाळण्याखाली शिरल्या. बाळ आत होतं. बाळाची आजी घाबरून म्हणाली, "अहो, भाड्यानं आणलाय तो." काकू खालूनच म्हणाल्या, "ते दिसतंय. पण एक स्क्रू मूळचा नाही." मग बाळाला उचललं, स्क्रू आवळला, आणि त्यानंतरच बाळाचं नाव ठेवलं गेलं.

त्यांचं खरं नाव सुलभा लेले. राहायच्या लंडनला, राणीच्या नाही, ऑन्टारियोतल्या. मंडळातली पोरं त्यांना 'गन आंटी' म्हणायची आणि आम्ही मोठे 'बंदूककाकू', कारण जुन्या रायफली ओळखणं आणि त्यांची किंमत ठरवणं हा त्यांचा धंदा होता. त्यातही खास स्वीडनच्या. स्वीडनच्या फौजेनं मोडीत काढलेल्या रायफली एके काळी जहाजं भरभरून कॅनडात आल्या. इथल्या शेतकऱ्यांनी त्या स्वस्तात घेतल्या, लाकूड कापलं, नळी आखूड केली, वर दुर्बीण बसवली आणि हरणं मारली. त्याच स्वीडनच्या कारखान्यांनी शिकाऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या देखण्या रायफलीही आल्या. आता साठ-सत्तर वर्षांनी आजोबा गेले की नातवंडांना शेतावरच्या बार्नमध्ये एक रायफल सापडते, आणि ती यातली नेमकी कुठली, हे सांगायला माणूस लागतो. आमच्या भागात तो माणूस म्हणजे काकू.

मला हे काहीएक माहीत नव्हतं. मी नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. जाहिरात वाचून काकूंकडे भाड्याची खोली बघायला गेले होते: बेसमेंट, स्वतंत्र वॉशरूम, शाकाहारी, शांत घर. जिन्यावरून उतरताना डाव्या हाताच्या खोलीत कुलपाच्या कपाटाचं दार काकूंनी कामासाठी उघडलेलं होतं आणि आत ओळीनं रायफली उभ्या. मी पायरीवरच थांबले. काकू म्हणाल्या, "रिकाम्या आहेत. लायसन्स भिंतीवर आहे. तुझी खोली उजवीकडे." मी म्हटलं, "काकू, जाहिरातीत शांत घर लिहिलं होतं." तर म्हणाल्या, "मग? गेल्या पंचवीस वर्षांत एकीनंही आवाज केलेला नाही." मी त्याच दिवशी सामान आणलं. का आणलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण असल्या बाईच्या घरात आपलं काही वाईट होणार नाही असं मला वाटलं एवढं खरं.

काकूंनी जन्मात एकही गोळी झाडली नव्हती. कांदा-लसूण चालायचा, पण अंडंसुद्धा नाही. कुणी खोचकपणे विचारलंच तर त्या म्हणायच्या, "डॉक्टर काय स्वतः आजारी पडून बघतो का?" पुण्यात त्या एका कारखान्याच्या मापन विभागात होत्या. केसाच्या जाडीइतकी चूक पकडायची, हे काम. कॅनडात आल्यावर 'कॅनेडियन एक्सपिरियन्स नाही' हे सगळ्यांना ऐकवलं जातं तसं त्यांनाही ऐकवलं गेलं. शेवटी गावाबाहेरच्या एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात हिशेब ठेवायला म्हणून लागल्या. दुसऱ्याच आठवड्यात मालकाला सांगितलं की तुमचं मायक्रोमीटर खोटं बोलतंय. मालक चिडला, त्यानं तपासलं, आणि नवं मागवलं. तिथून पुढे हिशेब दुसरंच कुणीतरी ठेवू लागलं.

त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. आधी लाकूड, मग लोखंड, गोष्ट शेवटी. येणारा प्रत्येक जण गोष्ट घेऊनच येतो. आजोबांना म्हणे एका स्वीडिश कर्नलनं ही भेट दिली, काकांनी म्हणे ही सीलबंद पेटीतून घेतली. काकू हात वर करून थांबवायच्या: "स्टोरी लास्ट, सर." गोष्ट आधी ऐकली की डोळे तेच शोधायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. मग दस्त्याच्या बुडापासून सुरुवात. पत्रा, लाकडावरची पितळी चकती, लाकडातले शिक्के, मग लोखंडावर मुकुट, कारखान्याचं नाव, साल, आणि मग नंबर. फौजी रायफलीच्या प्रत्येक बारक्या तुकड्यावर तिच्या नंबराचे शेवटचे आकडे मारलेले असतात, स्क्रूवरसुद्धा. सगळीकडे एकच नंबर निघाला तर ती न बदललेली, आणि तिला मान. एक तुकडा जरी दुसऱ्या नंबराचा निघाला तरी मान उतरला.

एकदा ब्रॅम्प्टनहून एक सरदारजी आले, ट्रकचा धंदा असलेले, दिलदार माणूस. रायफल अशी चकचकीत की बघत राहावं. म्हणाले, "आंटी जी, ये तो फैक्ट्री की हंटिंग राइफल है, मेरे को गोरे ने बोला." काकूंचं हिंदी अस्सल सदाशिवपेठी. "गोरे ने बोला तो गोरे को बेचो. मेरे पास लाया है तो यहाँ अंगूठा रखो." डाव्या बाजूच्या लोखंडी भिंतीत एक अर्धगोल खाच होती. सरदारजींचा अंगठा तीत बरोब्बर बसला. "ये खाच किसके वास्ते है? फौजी एक झटके में पाँच गोली अंदर दबाता है, उसका अंगूठा जाने के वास्ते. हिरन मारनेवाले को इतनी घाई नहीं होती. कारखाने ने शिकारी के लिए बनाई होती तो ये भिंत पूरी होती." सरदारजी बराच वेळ अंगठा तिथेच ठेवून उभे राहिले. मग हसले आणि म्हणाले, "मतलब मेरी वाली फौजी है. रिटायर्ड." ते जिंकल्यासारखेच परत गेले. अशा माणसांवर काकूंचा जीव होता.

उलटंही व्हायचं. एका शेतकरीणबाईंनी नवऱ्यानं हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेली, दस्त्याला टायरचं रबर ठोकलेली एक रायफल आणली. फेकून द्यायच्या आधी म्हणून दाखवायला आणलेली. काकूंनी भिंग लावलं, डावी भिंत बघितली, ती पूर्ण होती. रंगाखालचं लाकूड अक्रोडाचं. कारखान्यानं शिकारीसाठीच बनवलेली, नळी आखूड न केलेली. काकू म्हणाल्या, "बाई, हिला नवऱ्यानं कुरूप केलंय, पण कापलेलं नाही." शेतकरीणबाईंनी तो रंग हिवाळाभर बसून, काकूंना दर आठवड्याला फोन करून विचारत विचारत, हातानं काढला. ती रायफल नंतर त्यांनी विकली नाही.

आपल्या माणसांना मात्र सवलत नव्हती. मिल्टनचे साठे, नव्या वसाहतीतलं, म्हणजे सबडिव्हिजनमधलं घर, गो ट्रेन नावाच्या लोकलनं टोरांटोला नोकरी, आणि हौसेनं घेतलेली एक न बदललेली स्वीडिश फौजी रायफल. दसरा झाल्यावर ते सहकुटुंब चारशे एक नंबरच्या हायवेनं लंडनला आले, किंमत करून घ्यायला. साठ्यांनी शस्त्रपूजा मनापासून केली होती. पितळी चकती चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीनं लखलखीत केलेली. लाकडाला खोबरेल तेल. वर हळदकुंकू, आणि ते तेलात मुरलेलं. काकूंनी चकतीवर भिंग धरलं आणि बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, "साठे, पूजा कुणाची केलीत?"

"शस्त्राची, काकू."

"शस्त्र होतं तोवर ठीक होतं. आता समई झाली."

त्या चकतीवर नळी आतून किती झिजली आहे याच्या बारीक खुणा होत्या, ठिपक्याएवढ्या. चिंचेनं आणि घासणीनं त्या सपाट झाल्या होत्या. सौ. साठे म्हणाल्या, "काकू, जरा सांभाळून लिहा ना. आपलीच माणसं आहोत." काकू म्हणाल्या, "म्हणून तर चहा दिला," आणि 'चकती घासलेली, लाकडावर डाग' असं स्वच्छ लिहून दिलं. मला साठ्यांची दया आली. मी तसं म्हटलंही. काकू माझ्यावरच उखडल्या: "तू टेस्टर ना? मग बग दिसला तर तुझ्या ओळखीचा आहे म्हणून सोडतेस का?"

काकू त्यांच्या नवऱ्याचा उल्लेख 'लेले' असाच करायच्या. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी ते गेले होते. हॉलमध्ये फोटो होता: गोल चेहरा, हसरे डोळे, अंगात चौकडीचा शर्ट. टूल डिझायनर होते. मूलबाळ नव्हतं. भारतातले भाऊ-बहीण एकेक करून गेलेले. अस्थी तळ्यात सोडल्या होत्या. इथल्या पद्धतीनं कुठे दगड नाही, पाटी नाही. आणि काकूंना नेमकी त्याचीच बोच लागून राहिली होती. हायड्रोचं बिल, म्हणजे विजेचं, अजून लेल्यांच्याच नावानं यायचं. कंपनीवाले नाव बदलायचा फॉर्म पाठवायचे आणि काकू तो रीसायकलमध्ये टाकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं राहिला माणूस या देशात. टॅक्स भरला, बर्फ उपसला. आणि नाव उरलं कुठे, तर विजेच्या बिलावर. असं कसं चालेल?" त्यांच्या 'असं कसं चालेल' या शब्दांची मला धास्ती होती. कारण त्यानंतर ते चालत नसे.

जवळच्या एका गावात एक छोटं म्युझियम होतं. तिथल्या क्लेअर नावाच्या बाई एक नवीन दालन करत होत्या: फौजेच्या रायफली शेतकऱ्यांच्या हातात येऊन शिकारीच्या कशा झाल्या, त्याचं. कापलेल्या, बदललेल्या रायफली त्यांच्याकडे पाच-सहा होत्या. शेजारी ठेवायला एक मूळची, हात न लागलेली स्वीडिश फौजी रायफल हवी होती, म्हणजे बघणाऱ्याला फरक कळेल. देणाऱ्याचं नाव काचेआड पाटीवर कायमचं लागणार होतं. काकूंनी हे ऐकलं आणि लगेच क्लेअरना सांगितलं की रायफल मिळेल.

कारण लेल्यांची स्वतःची एक रायफल होती. वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. त्यांनी ती एका गन शोमधून आणली होती आणि सांगितलं होतं, 'सगळे नंबर एक. शिक्क्यानिशी मूळची.' आणि पुढे बजावलं होतं, 'ही माझी आहे. हिला भिंग लावायचं नाही.' काकूंनी ते इतकी वर्षं पाळलं. जगाच्या रायफली उलट्यापालट्या करणारी ही बाई घरातल्या एका रायफलीकडे फिरकली नाही. मला याचं फार अप्रूप वाटलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "नवऱ्याचा शब्द होता. शिवाय त्यांना पारख होती हं चांगली."

पण आता ती म्युझियममध्ये जायची म्हणजे सोबत तपासणीचा कागद हवा, काकूंच्या सहीचा. मी म्हटलं, "काकू, क्लेअर तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. द्या ना तशीच." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चकती चिंचेनं घासली. "लोकांच्या तपासल्या आणि घरची न तपासता देऊ? चल, दिवा धर."

शनिवारची दुपार होती. मी दिवा धरला. आधी लाकूड. बुडाचा पत्रा मूळचा. चकती न घासलेली, काळपट, सगळ्या खुणा जागच्या जागी. लाकडातला नंबर बरोबर. काकूंचा चेहरा खुलत चालला. मग लोखंड. मुकुट, नाव, साल. नळी पूर्ण लांबीची, न कापलेली. दुर्बिणीसाठी भोकं नाहीत. एकेक तुकडा काढत होत्या, नंबर वाचत होत्या आणि स्वतःशीच पुटपुटत होत्या, "शाब्बास लेले. शाब्बास." मला वाटलं आता त्या गाणं म्हणतील की काय. सगळ्यात शेवटी त्यांनी बोल्ट घेतला, मागे-पुढे सरकणारा तो मुख्य तुकडा. त्याच्यावर नंबराचे शेवटचे तीन आकडे हवेत. होते. बरोबर तेच तीन.

काकूंनी भिंग लावलं, आणि काढलंच नाही. माझा हात अवघडला. "दिवा खाली घे," त्या म्हणाल्या. "अजून खाली. आडवा." आडव्या उजेडात मलासुद्धा दिसलं: आकड्यांभोवतीचं लोखंड किंचित खोलगट होतं. कुणीतरी आधीचे आकडे कानशीनं घासून काढले होते आणि नवे मारले होते. मी म्हटलं, "म्हणजे विकणाऱ्यानं काकांना फसवलं." काकू उठल्या. वर गेल्या. पुण्याहून येताना बॅगेतून आणलेली आकड्यांच्या पंचांची, म्हणजे लोखंडावर आकडे ठोकायच्या छापांची, लाकडी पेटी घेऊन खाली आल्या. बोल्टवरच्या तीन आकड्यांत एक चार होता, म्हणून पेटीतला चाराचा पंच काढला, भंगारातल्या एका पट्टीवर ठेवून हातोडीनं एक ठोका मारला, आणि ती पट्टी बोल्टशेजारी ठेवली. दोन्हीकडच्या चाराचं एक टोक तुटलेलं होतं. एकाच जागी, एकसारखं तुटलेलं. ते टोक पुण्याच्या कारखान्यात काकूंच्याच हातून पंच पडून तुटलं होतं, म्हणून तर ती पेटी त्यांना निकामी म्हणून मिळाली होती.

विकणाऱ्यानं लेल्यांना फसवलं नव्हतं. लेल्यांनी काकूंना फसवलं होतं.

काकूंनी सगळे तुकडे पुन्हा जोडले, कपाट बंद केलं, आणि वर जाऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशीही खोलीबाहेर आल्या नाहीत. मी आपली मुगाची खिचडी करून टेबलावर ठेवली, ती तशीच राहिली. मला रडूच यायला लागलं, आणि राग आला तो फोटोतल्या त्या हसऱ्या माणसाचा. सोमवारी सकाळी ताजा बर्फ पडला होता. मी ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर पडते तर काकू आधीच अर्धा उपसून मोकळ्या. फावड्यावर रेलून म्हणाल्या, "मला घाबरून केलं गं त्यांनी."

मग एकेक सांगितलं. ही त्यांची पहिली रायफल नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी लेल्यांनी हौसेनं एक आणली होती, आणि घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांना दाखवत होते. काकूंनी पोळी वाढता वाढता लांबूनच सांगितलं की नळी कापलेली आहे, फसलात. पाहुणे हसले. लेलेही हसले. "मी खरं तेच बोलले होते," काकू म्हणाल्या. "पण ते त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला दिसलं होतं ते. मी काही म्हटलं नाही." दुसरी रायफल आणली तिचा बोल्ट भलत्याच नंबराचा निघाला असणार. पुन्हा टेबलावर तसलं काही ऐकायला नको, म्हणून त्या भल्या माणसानं बायकोच्याच पेटीतले पंच घेऊन, बायको कामावर असताना, तीन आकडे मारले. आणि तरीही ती ओळखेल याची खात्री असल्यामुळे भिंग लावायचं नाही असं बजावलं. काकूंच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही आणि फावडंही थांबवलं नाही.

मी म्हटलं, "काकू, हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. जगात तिसऱ्या कुणाला तो चार ओळखता येणार नाही. बाकी रायफल तर अस्सल आहे. काकांचं नाव लागू दे ना." मी मनापासून म्हणत होते. मला त्या पाटीवर ते नाव बघायचं होतं. काकू म्हणाल्या, "लागणारच आहे. कसं लागायचं ते मी ठरवणार."

क्लेअर घरी आल्या. चाळिशीतल्या, गोड बोलणाऱ्या, दालनाच्या कामानं थकलेल्या. काकूंनी त्यांच्यापुढे बोल्ट, पट्टी आणि पंच असं तिन्ही ओळीनं मांडलं आणि सगळं सांगितलं. क्लेअरनी पट्टी उचलून बोल्टशी ताडून बघितली. मग म्हणाल्या की तीनच आकडे आहेत, काचेआड कुणाला दिसणार आहेत, आपण 'मूळची' म्हणूनच ठेवू आणि मिस्टर लेल्यांचं नाव देणगीदार म्हणून देऊ. त्यांनी काकूंचा हातही हातात घेतला. त्या चांगुलपणानं म्हणत होत्या, पण काकूंनी हात सोडवून घेतला.

"नो. 'मूळची' लिहायचं नाही."

"मग मला ती त्या जागी ठेवता येणार नाही, मिसेस लेले. मला न बदललेली हवी आहे."

"तुमच्याकडे लोकांनी कापलेल्या आहेत, रंगवलेल्या आहेत, भोकं पाडलेल्या आहेत. ती कुणी केली, का केली, यातलं एक तरी तुम्हाला माहीत आहे?"

क्लेअरनी मान हलवली.

"हिचं माहीत आहे," काकू म्हणाल्या. "लिहा कुणी बदलली ते. पूर्ण नाव लिहा. स्पेलिंग मी देते."

मला वाटलं संपलं सगळं. क्लेअर विचार करते म्हणून गेल्या. त्या पंधरवड्यात काकूंनी त्यांना तीन वेळा फोन केला, आणि दर वेळी स्पेलिंग तेवढं पुन्हा सांगितलं. शेवटी क्लेअरचा फोन आला. न बदललेली रायफल त्यांनी दुसरीकडून मिळवली होती. पण दालनाच्या शेवटी एक काच मोकळी होती, आणि तिथे बोल्ट सुटा करून, शेजारी पट्टी आणि तो तुटक्या टोकाचा पंच ठेवून, बदल कसे ओळखायचे ते दाखवायचं त्यांच्या मनात आलं होतं. काकूंनी पंच द्यायलाही लगेच होकार दिला. पेटीत चाराची जागा रिकामी राहिली.

पुढे माझी बदली मिल्टनला झाली. जाताना मला कितीही वाटलं तरी काकूंना मिठी मारायचा धीर होईना, कारण त्या माझ्या गाडीचे विंटर टायर तपासत जमिनीवर बसल्या होत्या. शेवटी मीही खाली बसले आणि तिथेच मारली. "वेडी आहेस," एवढंच म्हणाल्या. फोनवर बोलणं व्हायचं. गेल्या मार्चमध्ये त्या गेल्या, झोपेत. आता कामात कुणी मला म्हणालं की एवढंसं आहे, सोडून दे ना, की मला आधी राग येतो, मग काकू आठवतात, आणि मी सोडत नाही. पण कुणी चुकलं तर ते चारचौघांत नाही सांगत. बाजूला घेऊन सांगते. हेही मी त्यांच्याकडूनच शिकले, त्यांनी शिकवलं नसलं तरी.

मला त्या सगळ्यात जास्त आठवतात त्या दालनाच्या उद्घाटनाच्या दिवशीच्या. नऊवारी नाही, पैठणी नाही. रोजचीच साडी, वर विंटर जॅकेट, पायात बूट. माणसं पुढच्या काचांशी गर्दी करून होती. शेवटच्या काचेपाशी आम्ही दोघीच. पाटीवर लिहिलं होतं: 'बोल्टवरचे आकडे नंतर मारलेले. मारणारे: श्रीकांत लेले, लंडन, ऑन्टारियो. ओळखणाऱ्या: सुलभा लेले, त्यांच्या पत्नी.' शेवटची ओळ काकूंनी सांगितलेली नव्हती. ती क्लेअरनी आपल्या मनानं घातली होती. काकूंनी पाटी सावकाश वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि काचेवर तळहात ठेवला.

"लेले," त्या हलकेच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी काही बोलले असते का?"

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात काढून घेतला.

"बोलले असते," त्या म्हणाल्या.